काटे गेले, कुंपण आले

दिवाळीची सुरुवात गाईपासून होते, हे आता फक्त पंचांगाला ठाऊक आहे. वसुबारसेला सवत्स धेनू पुजावी असा आपला जुना रिवाज. पण शहरात धेनू मिळाली तर वत्स मिळत नाही, आणि दोन्ही मिळाली तर त्यांच्याभोवती एवढी रांग असते की हळदकुंकवाने माखलेली ती गाय शेवटी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. शेजारी एक बाई गवताच्या पेंढ्या विकत बसलेली असते. आपण एक पेंढी घेऊन गाईच्या तोंडाशी धरतो, हात जोडतो आणि फराळाला घरी येतो. गाय वर्षाचे उरलेले दिवस काय खाते हा प्रश्न पूजेच्या तबकात मावत नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. सणासुदीला इतरांनी करंज्या वाढाव्यात आणि मी एखादी नको ती वस्तू पानात टाकावी, असे वर्षानुवर्षे चालले आहे. यंदा मी निवडुंग वाढतो आहे. दचकू नका; काटे काढून वाढतो आहे.

निवडुंगाविषयी मध्यमवर्गाचे मत फारसे बरे नाही. कुणी हौसेने चिमुकल्या कुंडीत तो आणून खिडकीत ठेवावा, तर आठवड्याच्या आत वास्तुशास्त्र जाणणारी एखादी मावशी येते आणि "घरात काटे ठेवू नयेत हो, भांडणे होतात" असे सांगून जाते. आमच्या इमारतीत अशी हद्दपार झालेली पाच-सहा निवडुंगे गच्चीवर एका ओळीत बसली आहेत. त्यांना कुणी पाणी घालत नाही आणि ती मरतही नाहीत. ज्या घरांतून ती बाहेर पडली तिथली भांडणे थांबल्याचेही मी ऐकलेले नाही.

प्रथम नावाचा घोळ मिटवतो, कारण तो गुरांच्या जिवाशी गाठ घालणारा आहे. आपण मराठीत दोन अगदी वेगळ्या झाडांना निवडुंग म्हणतो. एक आपला जुना, तीन धारांचा, मोडला की पांढरा चीक गळणारा. तो चीक डोळ्यात गेला तर डोळा जायचा. हा निवडुंग गुरांच्या दावणीत कधीही टाकायचा नसतो. दुसरा फड्या निवडुंग. एकावर एक चपटे हिरवे फडे, नागाने फणा काढावा तसे. म्हणून हिंदीत त्याला नागफणी म्हणतात. याला चीक नाही. मोडला तर बुळबुळीत पाणी निघते. माझे आजचे पुराण या दुसऱ्याचे आहे. त्याची लालभडक बोंडे लहानपणी ज्यांनी मातीत घोळून, कुसळे काढून खाल्ली असतील त्यांची जीभ अजून तो रंग विसरली नसेल.

हा फड्या मूळचा आपला नव्हे. मिरची, बटाटा आणि पेरू यांच्यासारखाच तोही अमेरिका खंडातून आलेला पाहुणा. मेक्सिकोत त्याचा मान एवढा, की तिथल्या राष्ट्रध्वजावर गरुड बसला आहे तो याच झाडावर. तिथे कोवळ्या फड्यांची भाजी करतात आणि फळे बाजारात ढिगाने विकतात. आपल्याकडे मात्र त्याला आणले ते भाजीसाठी नव्हे, फळासाठी नव्हे आणि गुरांसाठी तर नव्हेच. आणले ते रंगासाठी.

गोष्ट मोठी मजेची आहे. मेक्सिकोतल्या निवडुंगावर एक बारीकसा किडा राहतो. अंगावर पांढरा कापूस पांघरून फड्याला चिकटलेला असतो. चिरडला की बोट रक्तासारखे लाल होते. हाच कोचिनील. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या लाल डगल्यांना जो झळझळीत रंग येई तो या किड्याचा. पण किडा स्पेनच्या ताब्यातल्या मुलखात, आणि स्पेन तो बाहेर जाऊ देईना. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले की हा धंदा हिंदुस्थानात काढावा. मद्रासेत डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बागच लावली. पुढे १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या गृहस्थाने ब्राझीलमधून किडे कलकत्त्यास आणले.

किडे आले, पण ते भलतेच निघाले. रंगाचा खरा किडा तो नव्हे. हा त्याचा दरिद्री चुलतभाऊ. त्याच्यापासून रंग मिळाला तो हलका. मात्र भूक दांडगी. त्याने उत्तरेकडची एका जातीची निवडुंगे खाऊन फस्त केली. एका किड्याने एका माजलेल्या झाडाचा बंदोबस्त करावा, याची जगातली पहिली नोंद ही अशी आपल्या देशातली आहे, आणि ती निव्वळ चुकून झालेली आहे.

दक्षिणेत निवडुंगाची दुसरी जात होती. तिला हा किडा शिवेना. ती रानोरान पसरली. शेते, गायराने, पायवाटा तिने गिळल्या. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणखी एका जातीचा कोचिनील किडा आणून सोडला, तेव्हा पाच-सहा वर्षांत ती आटोक्यात आली. ऑस्ट्रेलियात तर याहून मोठा हाहाकार. तिथे कोट्यवधी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती. १९२५ साली अर्जेंटिनातून एक पतंग आणला, त्याच्या अळ्यांनी फडे पोखरले आणि शेतकरी परत आपल्या जमिनीवर गेले. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावी लोकांनी त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले आहे. किड्याच्या नावाचे सभागृह! आपल्याकडे त्यासाठी निदान नगरसेवक व्हावे लागते.

तर असा हा शत्रू. मग त्याला चारा म्हणून लावा असे कोण म्हणतो? म्हणतो तो दुष्काळ. इतर सर्व हिरवे करपून गेले तरी फडा हिरवा असतो, हे गुरे राखणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. टेक्सासमधले गुराखी अवर्षणात हातातल्या बर्नरच्या ज्योतीने उभ्या निवडुंगाचे काटे जाळतात. ज्योतीचा आवाज ऐकला की गुरे आपण होऊन धावत येतात म्हणे. ब्राझीलच्या ईशान्य भागात तर लाखो हेक्टरांवर हे झाड केवळ वैरणीसाठी लावलेले आहे. तिथली दुभती जनावरे कोरडे महिने त्याच्या जोरावर काढतात. ट्युनिशियात मेंढ्यांसाठी त्याच्या रांगा उभ्या आहेत.

काट्यांचे काय, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँकने मनावर घेतला. 'योगी कथामृत' आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. परमहंस योगानंदांनी १९४६ साली मूळ इंग्रजी पुस्तक अर्पण केले ते याच बरबँकला. हा माणूस निवडुंगाशी प्रेमाने बोलत असे; भिऊ नकोस, तुझे रक्षण मी करीन, तुला काट्यांची गरज नाही, अशी त्याची समजूत घालत असे, असे योगानंदांनी लिहिले आहे. समजूत घालण्याच्या जोडीला त्याने बिनकाट्याच्या जुन्या जाती गोळा करून वर्षानुवर्षे संकरही केले, हे सांगायला हवे. १९०७ साली त्याने आपल्या बिनकाट्याच्या निवडुंगांची यादी छापली. ओसाड वाळवंटे आता कुरणे होणार म्हणून लोकांनी एकेका फड्याला भारी किमती मोजल्या. पण थंडीने झाडे मेली, आणि जिथे जगली तिथे ससे, उंदीर, मोकाट गुरे यांनी ती वाढूच दिली नाहीत. झाडाने काटे टाकले. आता मालकाला काटेरी तार विकत घ्यावी लागली. बरबँकने निवडुंगाला दिलेला शब्द खरा करण्याचा खर्च असा गिऱ्हाइकांवर पडला.

निवडुंग कोरड्या जमिनीत हिरवा राहतो तो कसा, हेही थोडे पाहू. झाडे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात. पण छिद्र उघडले की आतले पाणी उडून जाते. इतर झाडे हा व्यवहार भर उन्हात करतात. निवडुंग दिवसभर दारे लावून बसतो आणि रात्री हवा थंड झाली की उघडतो. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा उजेड मिळाला की तिची साखर करतो. म्हणून पहाटे तोडलेला फडा आंबट लागतो आणि दुपारचा तसा लागत नाही. मेक्सिकोतल्या गृहिणींना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. एवढ्या काटकसरीमुळे तेवढ्याच पाण्यात तो इतर पिकांच्या कितीतरी पट वाळला पाला तयार करतो. आपल्या घरातल्या वीजबिलाची आठवण होऊन मला या झाडाविषयी आदर वाटतो.

आता थोडा हिशेब मांडू. फड्यात शेकडा नव्वदच्या आसपास पाणी असते. गाईने दिवसाला चाळीस किलो फडे खाल्ले तर तिच्या पोटात छत्तीस लिटर पाणी गेले. ज्या गावात टँकर तीन दिवसांनी येतो त्या गावात ही गोष्ट लहान नाही. पण त्याच चाळीस किलोंत सुका अंश फक्त चार किलो. त्यात साखर आणि चुना भरपूर, मात्र प्रथिने अगदी थोडी आणि धागा कमी. नुसता निवडुंग खाऊ घातला तर गुरांना ढाळ लागते आणि वजन उतरते. म्हणून सोबत कडबा किंवा सुके गवत हवे, आणि मूठ-दोन मूठ सरकीची पेंड किंवा शेवरी-सुभाभळीचा पाला हवा. थोडक्यात, निवडुंग हा जेवणातला भात नव्हे; ताकाची आमटी समजा. आमटीवर माणूस जगत नाही, पण कोरडा भात तिच्यामुळे घशाखाली उतरतो. महाग कडबा अर्धा वाचतो आणि जनावर उभे राहते.

हे सगळे मी कागदावरून शिकलो. कागदावर नसलेली गोष्ट मला एका म्हाताऱ्याने सांगितली. २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या उघडल्या होत्या. त्या वर्षी राज्यात लाखो जनावरे छावण्यांत होती. अशा एका छावणीत मी गेलो होतो. वरती शेडनेटचे फाटके छप्पर, खाली खिलार गाई, आणि पुढ्यात चिरलेला ऊस. ऊस! दुष्काळात जगवायला आणलेले वैरण म्हणजे सगळ्यांत जास्त पाणी पिणारे पीक. पण पर्याय काय, हिरवे म्हणून तेवढेच मिळत होते. एका खाटेवर एक म्हातारबा बसले होते. त्यांच्या दोन गाई होत्या. घरची माणसे गावात, म्हातारबा तीन महिन्यांपासून गाईंबरोबर इथे. मी हुशारी करून त्यांना बिनकाट्याच्या निवडुंगाची गोष्ट सांगितली.

त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "झाड चांगलं हाय म्हंता. खरं असंल. पर काटं न्हाईत, तर त्येला राखायचं कुनी?"

"म्हणजे?"

"आवं, काटं हाय तवर त्यो आपला आपन ऱ्हातो. काटं काढलं का त्यो पोरावानी झाला. मेंढरं येनार, रानडुकरं येनार, शेजाऱ्याची म्हस येनार. माझं रान धा पांड. तितं मी झाड राखू का जवारी राखू?"

एवढे बोलून ते उठले आणि गाईच्या पुढ्यातला ऊस सारखा करू लागले. एक गाय विकली असती तर दुसरीचा भार हलका झाला असता, असे मी म्हटले. ते वळून म्हणाले, "इकायला येनार कोन? समदेच इकत्यात." दुष्काळात गाय विकायला गेले तर भाव मातीमोल, आणि पाऊस पडल्यावर परत घ्यायला गेले तर आवाक्याबाहेर. गाय गेली की दूध गेले, शेण गेले, पुढच्या वर्षीची कालवड गेली. आपल्या दारात सकाळी जी पिशवी येते तिच्या मागे असे हजारो म्हातारबा खाटेवर बसलेले असतात.

त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते फुकट नाही. बिनकाट्याच्या फड्यांभोवती काटेरी जातीची किंवा घायपाताची एक रांग आधी लावावी लागते. बांधावर, उताराच्या मुरमाड जमिनीत, जिथे ज्वारीही येत नाही तिथे लावावे. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात तो कुजतो. फडा तोडून पंधरा दिवस सावलीत ठेवायचा, जखम सुकली की तळाचा तिसरा हिस्सा मातीत पुरायचा. बियांपासून लावू नये, कारण त्या रोपांना पुन्हा काटे फुटतात. बिनकाट्याच्या फड्यावरही बारीक कुसळे असतात, तेव्हा तोडणाऱ्याने हाताला काही गुंडाळावे. आणि मुख्य म्हणजे दोन-तीन वर्षे विळा लावायचा नाही. म्हणजे हे काम चांगल्या पावसाच्या वर्षी करायचे आहे. छावणी उघडल्यावर निवडुंग लावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

आपल्याकडे हे काम कुणी करत नाही असे नाही. झाशीची चारा संशोधन संस्था, जोधपूरची शुष्क क्षेत्र संस्था आणि आपल्या फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था यांनी बिनकाट्याचे वाण आणून लावून पाहिले आहेत. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या 'बाएफ'ने राजस्थानातल्या शेळ्या पाळणाऱ्यांच्या बांधापर्यंत ते नेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या भूसंपदा विभागानेही पडीक जमिनीवर निवडुंग लावण्याची योजना पुढे केली. योजना म्हटली की उद्दिष्ट येते, उद्दिष्ट म्हटले की हेक्टर येतात, आणि हेक्टर भरायचे म्हटले की एकच वाण सगळीकडे लावणे सोपे जाते. इथे मला एका दूरच्या मुलखाची आठवण द्यावीशी वाटते.

मादागास्कर बेटाच्या दक्षिणेला आंद्रॉय नावाचा कोरडा प्रदेश आहे. नावाचा अर्थच काट्यांचा मुलूख. १७६९ साली फ्रेंचांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या आपल्या गढीभोवती संरक्षणासाठी निवडुंग लावला. तो पसरला, आणि दीडशे वर्षांत तिथल्या लोकांनी त्याला घरचा केला. त्याची फळे माणसे खात. फडे भाजून काटे जाळून वशिंडाच्या गुरांना घालत. पाण्याच्या जागी त्याचे पाणी. त्याच्या जाळ्यांत गावे लपत, म्हणून फ्रेंच सरकारला कर वसूल करणे जड जाई. १९२४ साली कोचिनील किडा त्या बेटावर आणला गेला. चार-पाच वर्षांत सगळा निवडुंग वाळून पडला. मग पाऊस चुकला. १९३०-३१ च्या दुष्काळात गुरांचे कळप मेले, माणसे मेली, उरलेली गावे सोडून मजुरीला बाहेर पडली. ज्या किड्याला दक्षिण हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याने दुवा दिला, त्याच्याच भाऊबंदाने आंद्रॉय उजाड केला. इथिओपियाच्या तिग्राई भागातही या शतकाच्या आरंभी रंगासाठी आणलेला किडा बागेतून सुटला आणि लोकांच्या तोंडची फळे व गुरांची वैरण त्याने खाल्ली. १७९५ पासून माणूस तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करतो आहे. ब्राझीलमध्येही किड्याने धुमाकूळ घातला; पण तिथे किड्याला दाद न देणारे दुसरे वाण शोधून लावले गेले. त्यांतल्या एकाचे नाव आहे 'हत्तीचा कान'.

आणि आपल्या देशात तो किडा १९२६ पासून मुक्कामाला आहेच. म्हणून मला निवडुंगाविषयी उत्साह आहे, पण उद्दिष्टाविषयी नाही. एका बांधावर दोन-तीन वाण असावेत. पांढरा कापूस दिसला की बोटाने चिरडून पाहावे, लाल झाले तर तो फडा त्याच दिवशी तोडून जाळावा. गायरानात सरकारी खर्चाने शेकडो हेक्टर लावण्यापेक्षा प्रत्येक घराच्या बांधावर पन्नास झाडे बरी, कारण त्या पन्नासांना राखणारे कुणीतरी असते. काट्यांचे काम माणसाने पत्करायचे असेल तर झाडे त्याला मोजता यावीत एवढीच हवीत.

शहरातल्या वाचकाने यात काय करावे, असे दरवर्षी मला पत्रांतून विचारले जाते. निवडुंग लावा असे मी तुम्हाला सांगणार नाही. गच्चीवर जागा नाही आणि मावशी रागावतील. पण दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला की आपण जी चर्चा करतो, तीत वैरणीचा भाव काय झाला हेही एकदा विचारून पाहावे. आणि ज्या वर्षी पाऊस चांगला झाला, धरणे भरली, वर्तमानपत्रांत दुष्काळाचे नाव उरले नाही, त्या वर्षी एखाद्या ओळखीच्या गावकऱ्याला आठवण करावी की दादा, यंदा बांधावर काही लावलेत का? तो कदाचित हसेल. हसू द्यावे. पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारावे.